शेडच्या भिंतीवरची खडूची रेघ

आमची आत्या शिवणकाम करते. सगळ्या गावाची मापं तिच्या वहीत आहेत, त्यामुळे कोण किती सुटलंय हे त्या माणसाच्या आधी तिला कळतं. घरामागे तिची लिंबाची बाग आहे. शेजारच्या भाऊंचा मोठा ट्रॅक्टर मशागतीला बागेत शिरला की फांद्या मोडायचा, आणि यायचाही सगळ्यांचं झाल्यावर. दोष भाऊंचा नव्हता. आत्याच म्हणायची, "तुमचं आटोपलं की या. आमचं शेवटी केलंत तरी चालेल." मग शेवटी म्हणजे अगदी शेवटीच. तोवर ओल उडून जायची, माती दगड व्हायची. काका, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यापासून दर वर्षी हेच. आत्या बोलायची नाही, पण तिला ते फार लागायचं.

म्हणून तिने जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. विकणारा सरळ माणूस होता. म्हणाला, "आठ दिवस वापरा. नाही पटला तर परत आणा."

पहिल्या दिवशी आत्याने त्याला आंघोळ घातल्यासारखं पुसलं आणि शिलाई मशीनच्या कुपीने जिथे सांधा दिसेल तिथे तेलाचे थेंब सोडले. मग हायड्रॉलिकचा दांडा ओढून मागचा माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर वर उचलला, इंजिन बंद केलं आणि चहा प्यायला आत आली. परत जाऊन बघते तर रोटाव्हेटर खाली सरकलेला.

माझे वडील, म्हणजे तिचे दादा, लगेच म्हणाले, "परत दे. मी आधीच सांगत होतो." मेकॅनिक आला, त्याने लांबूनच कान दिला आणि निकाल लावला. "पंप गेलाय ताई. असला पंप आता मिळायचा नाही."

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हा आत्याचा जुना रोग. तिने रोटाव्हेटर पुन्हा उचलला, त्याच्या वरच्या कडेच्या उंचीवर शेडच्या भिंतीवर खडूने रेघ मारली आणि इंजिन बंद केलं. तासाभराने टेप लावला. तीन इंच खाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन इंच. इंजिन चालू ठेवलं तर जागेवर राहायचा, पण मधूनमधून उचकी लागल्यासारखा हलायचा. हे सगळं तिने मापाच्या वहीत लिहिलं, कुणाच्या तरी ब्लाउजच्या मापाखाली.

सहाव्या दिवशी तिने मेकॅनिकसमोर वही ठेवली. "पंप गेला असता तर उचललंच नसतं ना? हा झटक्यात उचलतो. फक्त धरत नाही. दाब कुठूनतरी निसटतोय. आधी उघडून तर बघा."

मेकॅनिकने वही वाचली, ब्लाउजसकट. मग रोटाव्हेटर सोडवला आणि लिफ्टचा सिलिंडर उघडला. आतल्या पिस्टनवरचं रबरी सील एका बाजूने चिरलेलं होतं.

"माझं चुकलं, ताई. आवाजावरून बोललो."

"माप न घेता कापड कापू नये," आत्या म्हणाली.

सातव्या दिवशी नवं सील बसलं, तेल बदललं. रोटाव्हेटर जोडून रेघेपर्यंत उचलला आणि आम्ही जेवायला बसलो. आत्याचा घास हातातच होता. दादांचं सगळं लक्ष घड्याळाकडे, आणि आव मात्र असा की आपल्याला काय त्याचं. तासाने सगळे बाहेर आलो. रोटाव्हेटर रेघेवरच होता. आत्याने तरी टेप लावलाच. मग रोटाव्हेटर खाली टेकवून ती ट्रॅक्टरच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "दादा, मला आज फार बरं वाटतंय." दादांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

त्या वर्षी बागेची मशागत ओलीवर झाली, एकही फांदी न मोडता.

यंदा भाऊंनी स्वतःच लिंबं लावली. परवा ते आले आणि हवापाण्याच्या गप्पा मारत बसले.

"ताकाला येऊन भांडं का लपवता, भाऊ?" आत्याने विचारलं. "ट्रॅक्टर हवाय ना?"

भाऊ ओशाळले. "माझा ओळींत मावत नाही हो. तुमचं आटोपलं की बघा. शेवटी केलंत तरी चालेल."

आत्या मशीनवर थबकली. सुई कापडातच राहिली.

"शेवटपर्यंत ओल थांबत नाही, भाऊ," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी येते. आधी तुमचं करू."