मिठाची वाटी

माझ्या पहिल्या कथेत गाव शांत होतं आणि शहर गजबजलेलं. सगळेच तसं लिहायचे, म्हणून मीही लिहिलं. मग सायखेड्याची मावशी आमच्या नाशिकच्या कॉलनीत राहायला आली. तिला या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय. स्वयंपाकघरातूनही ती तशीच ओरडली, “मीठ कुठं हाय गं?”

मी उठेपर्यंत शेजारच्या काकू मिठाची वाटी घेऊन दारात हजर.

मावशी बघतच राहिली. काकू गेल्यावर म्हणाली, “एवढी जवळ माणसं, मग इतकी सामसूम का?”

भिंतीपलीकडं ऐकू जाईल म्हणून आम्ही सगळे हळूच बोलायचो, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं.

कथेतलं ते वाक्य मी खोडलं. गावासाठी मावशीची हाक लिहिली. शहरासाठी काकूंची वाटी पुरली.