रुखवतातल्या गाड्या

माझ्या लग्नाच्या रुखवतात गाड्या होत्या. खेळण्यातल्या म्हटलं की मला राग येतो, म्हणून आधीच सांगते, छोट्या गाड्या. धातूच्या, तळहातावर मावणाऱ्या. त्यांच्याजवळ प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेली एक मोटारसायकल, जिच्या चाकातल्या तारासुद्धा वेगवेगळ्या दिसतात. यातलं काहीच मी दुकानातून आणून तसंच मांडलं नव्हतं. सगळं हातचं काम होतं. एवढी साधी गोष्ट मला स्वतःच्या लग्नात माइकवरून सांगावी लागली.

आमच्या घरात मी पहिली पदवीधर. बाबा अकोल्यात मालाचा ऑटो चालवतात, घर जुन्या शहरात. मी शाळेत होते तेव्हा स्टेशनरीच्या दुकानात पुठ्ठ्यावर लावलेल्या गाड्या लटकायच्या. टॅक्सी, जीप, अँब्युलन्स. देशी बनावट, रंग जाड, दारं उघडायची, हातात घेतली की वजन जाणवायचं. गल्लीतले पोट्टे त्या भिंतीवर आपटायचे आणि फोडायचे. फुटलेल्या मी मागून घ्यायचे. कोणी म्हणायचं, पोरीले गाड्या कायले पाह्यजे. मी म्हणायचे, तुले तरी कुठं पाह्यजे होती, तू तर फोडली.

फुटक्या गाड्यांनीच मला शिकवलं. गाडीच्या पोटाला दोन रिबीट, म्हणजे ठोकून बसवलेले खिळे, असतात. ते बारीक ड्रिलनं उडवले की वरचं कवच अलगद सुटतं आणि आतून सीट, काच, चाकांच्या दांड्या असं सगळं मोकळं होतं. जुना रंग खरवडायचा, पत्रा घासायचा, नवा रंग द्यायचा. त्या वयात रंग कुठून आणणार? नेलपॉलिश वापरायचे. ते पातळ बसतं, चमकतं आणि चुकलं तर रिमूव्हरनं पुसता येतं. कॉस्मेटिकवाल्या बाई विचारायच्या, इतके रंग नेते, बोटाले तर एकही दिसत नाही.

पुढे अमरावतीला शिकले आणि तिथंच एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायला लागले. भाड्याच्या खोलीत पहिलं सामान आलं ते काचेचं कपाट. तोवर मॉलमध्ये परदेशी कंपन्यांच्या गाड्या मिळायला लागल्या होत्या आणि फोनवर संग्राहकांचे गट झाले होते. त्या गटांमध्ये एक मोठा वाद कायम चालतो, पॅकिंग फोडायचं की नाही. काही लोक एकाच गाडीचे दोन नग घेतात, एक फोडायला, एक तसाच ठेवायला. मी फोडणारी. बंद डबे ठेवण्याला जमवणं म्हणतात, करणं म्हणत नाहीत. प्लॅस्टिकचे किट कुरिअरनं यायचे. फ्रेममध्ये अडकलेले नखाएवढे भाग असतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे. मोटारसायकलीचं इंजिन करताना माझा एक अख्खा उन्हाळा गेला आणि तो उत्तम गेला.

लग्न ठरलं ते अमरावतीतल्याच घरात. बघायला आले तेव्हा नवरदेव कपाटापुढं उभा राहिला आणि त्यानं एवढंच विचारलं, यांची चाकं फिरतात का. मी म्हटलं, सगळ्यांची फिरतात. पुढचं बोलणं सोपं गेलं.

मग रुखवत आलं. आमच्याकडे नवरीकडची मंडळी टेबलावर भांडी, लाडू, करंज्या मांडतात आणि नवरीच्या हातची कलाकुसर ठेवतात. कार्यक्रम झाला की सगळं सासरच्या ताब्यात द्यायचं. मावशीनं थर्माकोलचा स्तूप करायला घेतला होता आणि मण्यांचे हंस माझ्या नावावर मांडायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, हंस मी केले नाहीत, गाड्या केल्या आहेत, गाड्याच ठेवू. आईनं कपाळाला हात लावला.

"लोक म्हणतीन, पोरगी नांदाले चालली का खेळाले?"

मी ऐकलं नाही. प्लायवूडवर अकोला ते अमरावती रस्ता केला. अकोल्याच्या टोकाला बाबांचा ऑटो. मूर्तिजापूरजवळ लाल एसटी. तिच्यामागे काळी-पिवळी जीप, आणि जीपच्या मागच्या फळीवर काडीची माणसं लटकलेली, एकाचं धोतर वाऱ्यानं उडालेलं. कापसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, ट्रॉलीत खरा कापूस. बडनेऱ्याच्या पुढं मोटारसायकल. बाबांनी सगळं निरखून पाहिलं आणि म्हणाले, आपल्या ऑटोचा एक लाइट फुटका हाये, तो फुटका कर. मी केला.

लग्न अकोल्याला झालं. बुद्धवंदना झाली, हार घातले, फुलं पडली. टेबलापाशी गर्दी होती आणि खरं सांगायचं तर कौतुक माझ्यापेक्षा कापसाचं जास्त झालं. जेवणाच्या पंगती सुरू झाल्या तसं माझ्या आईनं रुखवत सासूबाईंच्या स्वाधीन केलं. सासूबाई आवरायला लागल्या. भांडी खोक्यात, लाडू डब्यात. वऱ्हाडातली लेकरं उन्हानं कदरली होती, रडत होती. सासूबाईंना वाटलं, नवरीवाल्यांनी लेकरांसाठी खेळणी ठेवलीत, किती समजदार माणसं आहेत. त्यांनी गाड्या एकेक करून उचकटल्या आणि वाटून टाकल्या. वर मोकळा प्लाय बाजूला काढून ठेवला, पोळपाट म्हणून कामी येईल असं म्हणाल्या.

मी स्टेजवर फोटो काढून घेत होते. समोरून एक पोरगा सुतळी बांधून एसटी ओढत गेला. फरशीवर घासून तिचा लाल रंग निघत होता, तो मला स्टेजवरून दिसला. मी खाली उतरले. आईनं गाठलंच. म्हणाली, गप राय, देल्लं थे त्याईचं झालं, आता त्यायनं वाटलं का फेकलं, आपण विचारू नये. रीत म्हणून आईचं बरोबर होतं. लग्नाच्या दिवशी नवरी सासूचं वाटलेलं परत मागते, हे आमच्याकडे कोणी ऐकलेलं नव्हतं. पण मी त्या दिवशी गप्प राहिले असते तर माझी सगळी वर्षं त्या घरात खेळणीच ठरली असती, आयुष्यभर. नवरा माझ्याकडे बघत होता. मी त्याला आमच्या बोलीत म्हटलं, माइक मागतो मी. तो म्हणाला, मागू नको, घे.

बौद्धाचार्यांनी माइक दिला. त्यांना वाटलं, आभार मानायचे असतील.

मी म्हटलं, "सगळ्याईले जय भीम. रुखवतातल्या गाड्या लेकराईले वाटल्या गेल्या. थे खेळणे नाहीत, माह्या हातचं काम हाये. मी शाळेत होतो तवापासून करून राहिलो. ज्याच्याजवळ असन त्यानं आणून द्या. त्याच्या बदल्यात लेकराले मी दुसरी गाडी देईन, फोडाले चांगली."

आधी कोणीतरी हसलं, मग बायका उठल्या. आपापल्या पोराचा दंड धरून आणायला लागल्या. कोणी जिलेबीच्या हातानं ऑटो दिला. एसटीवाला पोरगा सुतळी सोडायला तयार नव्हता, त्याच्या बापानं सुतळीसकट आणून ठेवली. मोटारसायकलीचं हँडल मोडलं होतं, मोडका तुकडा वरणाच्या वाटीत सापडला. ट्रॅक्टर आला, कापूस गेला. पांढऱ्या साडीत मी टेबलाखाली वाकून ट्रॉलीचं चाक शोधलं.

जीप तेवढी आली नाही. नवऱ्याच्या आत्याची नात, दोन-अडीच वर्षांची, खुर्च्यांवर झोपली होती आणि जीप तिच्या मुठीत. आत्या म्हणाल्या, झोपलं लेकरू, असू दे ना वं, एका गाडीनं काय होते. आजूबाजूच्या सगळ्यांना वाटलं की आता मी हसून सोडून देईन. गोष्टींमध्ये तसंच होतं.

मी तिची बोटं एकेक करून उघडली आणि जीप काढली. ती जागी झाली आणि मोठ्यानं रडली. धोतरवाला काडीचा माणूस तिच्या मुठीतच राहिला, त्याला मात्र मी हात लावला नाही. आत्या अजून येता-जाता सांगतात, आमच्या सुनेनं झोपल्या लेकराच्या हातची गाडी काढली. मी म्हणते, काढली. शिवाय कबूल केल्याप्रमाणे सगळ्या लेकरांना गाड्या पोचवल्या, त्यांच्या नातीला दोन. हे त्या सांगत नाहीत.

अमरावतीला निघताना सगळ्या गाड्या एका टोपल्यात घालून ते टोपलं सासूबाईंनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. मला वाटलं, बाईंचा अपमान झाला, आता घरी गेल्यावर ऐकावं लागणार. मूर्तिजापूर गेल्यावर त्यांनी एसटी उचलली, खिडक्यांमधून आत पाहिलं आणि कंडक्टरची सीट कुठं आहे विचारलं. मी दाखवली. बडनेरा येईपर्यंत त्यांनी प्रत्येक गाडी उलटी करून पाहिली.

"मले आधी सांगतलं असतं तं मी काहून वाटल्या असत्या?"

"विचारलं असतं तं सांगतलं असतं," मी म्हटलं.

"जबान बी गाडीसारखीच हाये तुही," त्या म्हणाल्या आणि टोपल्यावर पदर टाकला. धूळ येत होती.

माझं कपाट आता सासूबाईंच्या घरात, समोरच्या खोलीत आहे. पाहुण्यांचं लेकरू काचेकडे बोट दाखवायला लागलं की माझ्या आधी त्याच बोलतात, थे कामाचं कपाट हाये बापा, इकडं ये, बिस्कूट घे. कपाटाला कुलूपही त्यांनीच बसवून घेतलं. किल्ली त्यांच्या कमरेला असते. रविवारी मी रंग काढून बसते तेव्हा मलाच ती मागावी लागते आणि त्या आधी विचारतात, कोणती काढाची हाये, आणि कायले?

मी सांगते. पटलं तर उघडतात.