अलिबागची चढाई

आमची शाळा पनवेल गावातली, जुनी, सरकारी. कुणा व्यापाऱ्याने कधीकाळी भाताचं गोदाम दिलं आणि त्यात ती सुरू झाली, असं मोठी माणसं सांगायची. वर्गांमधल्या भिंती मागाहून घातलेल्या, छपरापर्यंत न पोचलेल्या. शेजारचा भूगोल आमच्या गणितात ऐकू यायचा. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात कबड्डीच्या ढाली होत्या, काळ्या पडलेल्या. एकेकाळी आमच्या शाळेचा मुलांचा संघ जिल्ह्यात कुणाला हार जात नसे. पीटीचे सर त्याच संघात खेळलेले. शिकून ते याच शाळेत नोकरीला लागले आणि तेव्हापासून एकही नवी ढाल त्या कपाटात गेली नव्हती.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो. कॉलनीतली मुलं नव्या इंग्रजी शाळांत जायची. मला वर्षाच्या मध्येच तिथे प्रवेश मिळेना, म्हणून वडिलांनी इथे घातलं. मोठे मुलगे शाळा सुटल्या सुटल्या क्लासला पळत. सरांनी त्यांचा नाद सोडला आणि मुलींचा संघ काढला. आम्हाला घालायला पँटी त्यांच्या बायकोने घरच्या मशीनवर शिवून दिल्या. माझी आई म्हणाली, "लांब आहेत ना? मग खेळ."

त्या संघात खरी खेळाडू एकच. रोडपाली गावाकडची, शेतकऱ्याची मुलगी, माझ्याच वर्गातली. मी डावा कोपरा धरायचे आणि ती चढाईला जायची. अंगाने बारीक, पण चार जणींनी धरली तरी ओढत मधल्या रेषेपर्यंत न्यायची. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" म्हणाली, "कशाची? धरतील, आनखी काय करतील?"

शाळेचं मैदान खडकाळ होतं. सरांना मऊ माती हवी होती. तिच्या वडिलांची जमीन नव्या शहरासाठी कागदावर केव्हाच सरकारची झालेली, पण इमारती उठेपर्यंत ते तिथेच भात लावत. सरांनी माती मागितली तर ते म्हणाले, "न्या की. आता कुनाची हाय ती?" आणि स्वतः बैलगाडी भरून घेऊन आले. आम्ही मुलींनी ढेकळं फोडली, पाणी मारलं, धुम्मसाने माती चोपली. त्या वर्षी आम्ही तालुक्यात पहिल्या आलो. सर मैदानाच्या कडेला उभे होते. टाळ्या वाजवायचं त्यांना सुचलंच नाही.

जिल्ह्याचे सामने अलिबागला होते. एसटीत आम्ही घसा बसेपर्यंत गाणी म्हटली. तिथलं मैदान मुरुमाचं, कडक. उपांत्य सामना शेवटाला बरोबरीत आला आणि ती चढाईला गेली. एकीला शिवून ती परत वळली, तेवढ्यात मागून कुणी तरी तिचा घोटा धरला, दुसरी कमरेवर पडली. ती आडवी झाली, पण हात लांबवून तिने रेषा गाठली. पंचांनी शिट्टी दिली. आम्ही जिंकलो होतो. आम्ही ओरडत धावलो आणि जवळ गेल्यावर गप्प झालो. तिचा गुडघा भलत्याच बाजूला वळलेला होता. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "लागली ना रेषा?"

सर तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. अंतिम सामना आम्ही तिच्याशिवाय, सरांशिवाय खेळलो आणि वाईट हरलो.

प्लॅस्टर निघालं तरी गुडघा धरेना. डॉक्टरांनी मुंबईला ऑपरेशन करायला सांगितलं. सर तिच्या घरी निघाले, तेव्हा मलाही बरोबर घेतलं. ती दाराशी पाय लांब करून वाल सोलत बसली होती.

"सरकारी इस्पितळात होईल," सर तिच्या वडिलांना म्हणाले, "मी राहतो सोबत."

"सर, पोर लग्नाची हाय. पायाला टाके दिसले तर कोन करून घेईल? आमचा हाडवैद हाय, तो बसवतो."

"अहो, जन्मभर लंगडेल ती."

वडिलांनी तिच्या लांब केलेल्या पायाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "तुमी खेळवलीत, सर. आता आमचं आमी बघू."

सर उठेनात. तेव्हा तीच म्हणाली, "सर, तुमी जावा."

त्यानंतरही सर दोनदा जाऊन आले, असं मी ऐकलं. ती शाळेत परत आली नाही. पुढच्या वर्षी सामने जाहीर झाले, तेव्हा आम्ही विचारलं, "सर, मातीवर पाणी मारायचं का?" ते "नको" म्हणाले आणि आम्हाला कवायतीला उभं केलं. मैदानावर गवत माजलं. मग तिथे खडी येऊन पडली, एक शेड उठली. पटावरची मुलं कमी होत गेली. मी दहावी झाले तेव्हा वर्गात निम्मी बाकं रिकामी होती. सर निवृत्त झाले तो दिवस कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

नव्वदचं दशक सरताना ती मला पनवेलच्या बाजारात भेटली. लग्न झालेलं, हातात भाजीची पिशवी, सोबत लहान मुलगी. मुलगी एका दुकानाच्या पायऱ्यांवरून उड्या मारत होती आणि ती तिला सारखी दंडाला धरून खाली बसवत होती.

"पाय कसा आहे?" मी विचारलं.

"हाय तसाच. जिना चढताना निसटतो."

"सर भेटतात का गं?"

"दिसले एकदा, इथंच. त्यांनी रस्ता बदलला."

"अगं, पाहिलं नसेल त्यांनी."

"पाह्यलं," ती म्हणाली.

मुलगी पुन्हा पायरीवर चढली. तिने तिला ओढून खाली आणलं आणि पाठीत एक धपाटा घातला. मुलगी रडायला लागली. मग "येते" म्हणून ती रिक्षा स्टँडकडे वळली. उजवा पाय ती जरासा ओढत होती.