दाताखालचा तांदूळ

“मॅडम, तुमच्या काट्यात गडबड हाय,” टेंभरेजी काट्यावरून खाली न उतरताच म्हणाले.

मी त्यांना उतरवलं आणि स्वतः चढून पाहिलं. माझं वजन दुर्दैवाने अगदी बरोबर होतं. त्यांना परत चढवलं. गेल्या खेपेपेक्षा किलोभर जास्त. काटा बिचारा खरं बोलत होता.

मी गोंदियातली डायटिशियन. राधेश्याम टेंभरे हे सडक अर्जुनीकडच्या एका राइस मिलचे मालक. आवाज मोठा आणि पोट त्याहून मोठं. ते कमी करायला आले होते ते मात्र स्वतःसाठी नव्हे. त्यांच्या पत्नीच्या, निर्मलाताईंच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. डायलिसिसवर दिवस ढकलणं चाललं होतं. नात्यात दुसऱ्या कुणाची किडनी जुळेना. टेंभरेजींची जुळली. पण नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी मी काढणार नाही. दहा किलो उतरवा, मग या.”

म्हणून त्या डॉक्टरांशी बोलून मी त्यांना मील रिप्लेसमेंटवर ठेवलं होतं. म्हणजे एका जेवणाच्या जागी पावडरचा शेक घ्यायचा. जेवणासोबत नाही, जेवणाऐवजी. हे दोन शब्द मला प्रत्येक पेशंटला ओरडून सांगावे लागतात. अशा पावडरी मी सहसा कुणाला देत नाही, पण इथे घाई होती. सकाळी पोळी-भाजी, दुपारी मोजका भात, रात्री फक्त शेक. रात्रीचा भात सुटला तेव्हा टेंभरेजींचा चेहरा बघवत नव्हता. पहिला घोट घेऊन म्हणाले, “हे तं कोंड्याचं पानी हाय.” पण घेतला.

प्रगती मोजायची पद्धत त्यांनीच काढली. दर सोमवारी उपाशीपोटी मिलमधल्या पोती तोलायच्या काट्यावर उभं राहायचं आणि आकडा ऑफिसबाहेरच्या भिंतीवर खडूने लिहायचा. “हमालबी वाचतेत मॅडम. मंग लाज वाटते,” ते म्हणाले. मग मला फोन. दोन महिने आकडे झकास उतरत गेले. मीही हरखून गेले होते. अर्ध्याहून जास्त मजल मारून झाली होती. मग नवा धान, म्हणजे टरफलासकटचा तांदूळ, बाजारात आला आणि आकडा अडकला. आता तर वर चढत होता.

असं वजन अडतं, त्याला आम्ही प्लॅटो म्हणतो. शरीर कमी खाण्याला सरावतं. पण प्लॅटोमध्ये वजन थांबतं, किलोभर वाढत नाही. मी सरळच विचारलं, “काय खाताय चोरून?”

“खोटं कायले बोलीन मॅडम? हिच्यासाठीच तं करून राहिलो!”

निर्मलाताई शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, “रात्रीचा शेक माझ्याच हातचा असते. रवीनं घुसळून देते.” डायलिसिसमुळे ताईंना दिवसाचं पाणी मोजून मिळायचं, एका छोट्या बाटलीत भरून. सुरुवातीला टेंभरेजी आपला भरलेला ग्लास स्वयंपाकघरात लपून प्यायचे. ताईंनीच त्यांना हाक मारून बाहेर बोलावलं होतं. तेव्हापासून दोघं समोरासमोर बसून, हे ग्लास आणि त्या घोट, असं संपवायचे. हे ऐकल्यावर मला त्या माणसावर संशय घेववेना. पण नागपूरची तारीख जवळ येत होती. ती हुकली असती तर पुढची कधी मिळेल आणि तोवर ताईंची तब्येत किती टिकेल, कुणीच सांगू शकत नव्हतं. मला मनातून भीती वाटायला लागली होती.

त्याच आठवड्यात सडक अर्जुनीला एका शिबिरासाठी जायचं होतं. वाटेत मिलवर उतरले आणि टेंभरेजी बसतात त्या गादीच्या कोपऱ्यात बसून राहिले.

एक ट्रॅक्टर आला. शेतकऱ्याने मूठभर धान पुढे केला. टेंभरेजींनी तो तळहातावर रगडला, फुंकर मारून टरफल उडवलं, दाणे दाताखाली धरले. कट्. “वला हाय अजून,” म्हणाले आणि हातातले उरलेले दाणेही तोंडात टाकले. दाणा कसा तुटतो त्यावरून ओलावा कळतो आणि त्यावर भाव ठरतो. मग दुसरा ट्रॅक्टर, तिसरा. मधेच उठून मशीनमधून पडणारा गरम तांदूळ चिमटीत धरायचा, बघायचा, तोही तोंडात. बोलता बोलता जबडा चालूच.

मी मुनीमजींकडून स्टीलची वाटी मागवली. “टेंभरेजी, आता तोंडात जेवढं टाकाल तेवढंच या वाटीतही टाकायचं.”

“काऊन?”

“टाका तर.”

दुपारच्या आत वाटी शिगोशीग भरली. मी विचारलं, “हा शिजवला तर भात किती होईल?”

हा प्रश्न त्यांना विचारायची खरं तर गरज नव्हती. ते वाटीकडे बघतच राहिले. “दोन माणसाचं जेवन होते जी,” अगदी बारीक आवाजात म्हणाले. “पन मॅडम, हे खानं थोडीच हाय? हा तं धंदा हाय!”

घर मिलला लागूनच होतं; मागच्या दारातून निर्मलाताई सगळं ऐकत होत्या. “मी तिकडं थेंब थेंब पानी मोजून राहिले, अन् तुमी इकडं पोतं खाऊन राहिले!” म्हणाल्या आणि हसत सुटल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. टेंभरेजींचे मात्र डोळे भरून आले.

आता दाताचं काम कुणी करायचं? मुनीमजींना कवळी होती. शेवटी कपाटातून ओलावा मोजायचं मशीन निघालं, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. कटकट केली ती शेतकऱ्यांनी. “शेठ, मशीनचं काय खरं? चावून पाहा ना!” टेंभरेजी दोन्ही हात पाठीमागे बांधून ठाम उभे राहायचे. पुढच्या सोमवारी भिंतीवरचा आकडा खाली आला. त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी. तारखेला नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी दोघं क्लिनिकमध्ये आले. निर्मलाताईंनी पाणी मागितलं. मी सवयीने अर्धाच ग्लास दिला. “भरून द्या जी,” त्या म्हणाल्या. “आता भरपूर प्यायले सांगतलं हाय.” तो ग्लास त्यांनी एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. टेंभरेजी एकटक त्या ग्लासाकडे बघत होते.

नव्या पेशंटला ‘काय काय खाता?’ हे मी आता नंतर विचारते. आधी विचारते, ‘काम काय करता?’ परवा एक हलवाई आला होता. त्याच्या हातात डाएट चार्टच्या आधी वाटी ठेवली.