गुरुवार, साडेतीन, वाचनगट

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता आणि आता पासष्टी ओलांडली तरी नाही. देवचार, राखणदार, वडावरची बाई... पेडण्यात हे ऐकतच मोठी झाले आणि ऐकून सोडून दिलं. या सदरातले अनुभव वाचतानाही मी अर्ध्यावर हसते, राग मानू नका. तरी लिहिते आहे, कारण हे माझ्याच बाबतीत घडलं. कुणी "भास झाला असेल" म्हणालं तर त्याच्याशी भांडायची माझी तयारी आहे. भास मला झालाच नाही. झाला असेल तर तो चौदा बायकांना आणि एका निवृत्त हेडमास्तरांना झाला.

कोरगावात देवळाच्या वाटेवर आमचं वाचनालय होतं. कौलारू दोन खोल्या, चार कपाटं, पुढे बसायला दगडी सोपो. पंचविशीची मी तिथली ग्रंथपाल, झाडूवाली आणि शिपाई, सगळं एकटीच. दाराशी एक फळा होता. दर सोमवारी मी त्यावर आठवड्याचे कार्यक्रम लिहायची : शनिवारी मुलांना गोष्टी, महिन्यातून एक व्याख्यान, आणि गुरुवारी दुपारी साडेतीनला बायकांचा वाचनगट.

या फळ्याची एक शिस्त होती. लिहिलेला कार्यक्रम झाल्याशिवाय ती ओळ पुसायची नाही, आणि पुसायची ती ज्याने वाचलं त्यानेच. गुरुवारची ओळ पुसताना मी एक लबाडी करायची – "गुरुवार" एवढा शब्द ठेवायचा आणि पुढचं पुसायचं. सोमवारी परत तोच शब्द लिहायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

गटातल्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती. मी वाचायची, त्या ऐकायच्या. काजूच्या बागेत राबणाऱ्या, भात लावणाऱ्या बायका, पण गुरुवारी केस विंचरून, फुलं माळून यायच्या. सगळ्यांत पुढे पार्वतीकाकी. ती शेजारीच राहायची आणि दुसरी किल्ली तिच्याकडे असायची. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे.

मग ते वर्ष आलं. गोव्याला घटक राज्य करायची बोलणी चाललेली, आणि मराठी की कोंकणी यावरून घराघरांत अबोला. आमच्या कमिटीतही दोन तट पडले. एकमत फक्त एका गोष्टीवर झालं – वाचनगटावर नजर ठेवायची. ठराव झाला : पुस्तकात छापलंय तेवढंच वाचायचं, अधलंमधलं आपल्या बोलीत सांगणं बंद. नियम मोडला तर वाचणारी बदलणार. आणि फळ्यावर लिहिलेला गुरुवार एकदा जरी चुकला, तर गटच बंद. खोली कमिटीच्या बैठकांना हवी होती, हे खरं कारण. मी तावातावाने उठून आले, पण नियम पाळला. महिनाभर छापील मराठी वाचत होते आणि काकीच्या कपाळावरच्या आठ्या बघत होते.

मग एका आठवड्यात डिचोलीकडच्या नार्व्यातली माझी मावशी घसरून पडली. बुधवारी तिला बघायला गेले. गुरुवारी दुपारपर्यंत परतायचं होतं. पुढचं प्रकरण वाचून ठेवावं म्हणून कादंबरी पिशवीत घेतली होती. वाचनालयात तिची तेवढी एकच प्रत, हे लक्षात ठेवा. नावाड्याच्या बायकोची गोष्ट होती. नवरा परागंदा झाल्यावर ती त्याची होडी चालवायची ठरवते आणि गाव तिला अडवतो.

डिचोली सोडून म्हापशाकडे निघालेली आमची बस वाटेतच थांबली. आंदोलनवाल्यांनी रस्त्यावर झाड आडवं पाडलेलं. पुढे गाड्या, मागे गाड्या. आधी एक वाजला, मग दोन. तीन वाजता मला रडूच फुटायचं बाकी होतं. तिकडे सोप्यावर चौदा बायका बसल्या असणार, फळ्यावर माझ्याच अक्षरात "गुरुवार दु. ३.३० वाचनगट" असणार, आणि सेक्रेटरी गणेशबाब, तेच ते निवृत्त हेडमास्तर, डायरी उघडून वाट बघत असणार.

साडेतीन झाले. मला अशी काही सणक आली की मी पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चालत्या नव्हे, पण भरल्या बसमध्ये. म्हटलं, गुरुवार आहे, मी वाचणार. माणसं वळून बघू लागली, एकजण हसला. शेजारी मांद्र्याची एक मासेवाली बसली होती, डिचोलीच्या बाजारात मासे विकून रिकामी पाटी घेऊन निघालेली. दोन पानं ऐकून तिने माझ्या हाताला हात लावला.

"बाय, पुस्तकांतलें माका अर्देंच कळटा. आमच्या उतरांनी सांग मगो."

इथे कुणाचा ठराव होता? मी एक वाक्य पुस्तकातलं वाचायची आणि लगेच तेच आपल्या बोलीत सांगायची. असं मी गटात कधीच केलं नव्हतं, पूर्वीसुद्धा नाही. पूर्वी फार तर एखादा शब्द समजवायची. बस हळूहळू गप्प झाली. मागे बेळगावकडचे दोन गवंडी होते. मी पाणी प्यायला थांबले की म्हणायचे, "वाचा की ताई." सव्वातास वाचलं. "तिने वल्हं उचललं आणि" एवढं म्हणाले आणि ड्रायव्हरने बस सुरू केली. झाड हटलं होतं. मी पुस्तक मिटलं.

कोरगावात पोचले तेव्हा दिवेलागण झालेली. वाचनालयाला कुलूप होतं. फळ्यावर फक्त एक शब्द होता – गुरुवार. पुढचं पुसलेलं.

मला वाटलं, गणेशबाबनी मुद्दाम पुसलं. गट संपला. माफी मागायला मी तशीच काकीच्या घरी गेले, तर ती माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "आज बरें केलें गो. दरेक वाक्य पुस्तकांतलें वाचलें आनी मागीर आमचे भाशेंत सांगलें. माका सगळें समजलें."

"काकी, हांव आयलेंच ना."

"आयलें ना? मागीर माज्या मुखार कोण बसलेलें?"

मी पिशवीतलं पुस्तक दाखवलं. ती म्हणाली, हेंच. हेंच तुज्या हातांत आसलें. मधेच उठलीस, फळा पुसलास आणि काही न बोलता गेलीस, एवढंच तिला विचित्र वाटलं होतं. वाक्य पुरं केलं नाहीस म्हणून ती थोडी रागावलीही होती. मी विचारलं, कुठलं वाक्य? तिने सांगितलं. वल्ह्याचं.

तिच्या अंगणातल्या तुळशीपाशी बसून मी बसचं तिकीट दोनदा काढून बघितलं.

दुसऱ्या दिवशी आणखी दोघीतिघींना विचारलं. सगळ्यांचं तेच म्हणणं. मग गणेशबाब आले, डायरी घेऊन. त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात तक्रार लिहिलेली होती : ग्रंथपालांनी नियम मोडून प्रत्येक वाक्य बोलीत सांगितले, उपस्थिती चौदा, मी स्वतः मागे बसून ऐकले. खाली सही. रविवारी सकाळी कमिटी बसणार, तिथे खुलासा द्यायचा.

आता माझी गोची बघा. बसचं तिकीट पर्समध्ये होतं. मी तिथे नव्हतेच असं म्हटलं, तर तक्रार खोटी ठरत होती आणि मी सुटत होते. पण मग गुरुवार चुकला, गट बंद. गप्प बसले तर गट राहणार आणि मी जाणार. आई म्हणाली, तिकीट दाखव आणि मोकळी हो. मी दोन रात्री विचार केला. विचार कसला, चिडत होते. जे मी केलं होतं ते केलंच होतं की. कुठे बसून केलं, एवढाच प्रश्न होता.

रविवारी दोन्ही तटांचे लोक एका बाकावर बसलेले प्रथमच दिसले. गणेशबाबनी तक्रार वाचली आणि विचारलं, हे खरं का?

मी म्हटलं, "खरं आहे. मी वाचलं. आधी पुस्तकातलं आणि मग आपल्या बोलीत. येत्या गुरुवारीही तसंच वाचणार आहे. येताना फळ्यावर लिहूनच आले."

दारात बायका येऊन उभ्या होत्या, कधी आल्या कळलं नाही. काकी आत न येताच गणेशबाबना म्हणाली, "हिका काडल्यार आमकां कोण वाचून दाखयतलो? तुमी?"

गणेशबाबनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "तक्रार लिहून मी अर्ध्यावर उठू शकलो असतो. उठलो नाही." मग इतरांकडे न बघता डायरी मिटली. "ती वल्हं उचलते, पुढे काय करते ते मलाही ऐकायचंय."

तो नियम नंतर कुणी काढला नाही आणि कुणी पाळलाही नाही.

कमिटीच्या बैठकीनंतरच्या मंगळवारी मी मुद्दाम मांद्र्याला गेले. बाजारात ती मासेवाली सापडली. मी बसमध्ये होते की नव्हते, याचा मला स्वतःलाच साक्षीदार हवा होता. मी तोंड उघडायच्या आत तिने मला ओळखलं. हातातला सुरा खाली ठेवला आणि विचारलं, "बाय, तिणें वल्हें उखललें आनी मागीर कितें केलें?"

म्हणजे मी तिथे होते. आणि चौदा बायका नि एक हेडमास्तर सांगतात, मी इथे होते. दोन्हीकडे तेच अर्धं वाक्य राहिलं होतं. याचा उलगडा मला झालेला नाही, गणेशबाबना शेवटपर्यंत झाला नाही, आणि तुम्ही पत्रांतून कळवाल ते तर्क मी आधीच करून बसले आहे. विश्वास ठेवू नका, माझं काही जात नाही. माझा तरी कुठे आहे?

मासेवालीला मी पुढचं सांगितलं नाही. म्हटलं, गुरुवारी साडेतीनला कोरगावात ये. ती आली, रिकामी पाटी सोप्यावर ठेवून काकीच्या शेजारी बसली. मी वाक्य पुरं केलं. "तिने वल्हं उचललं आणि होडी पाण्यात लोटली." मग आपल्या बोलीत सांगितलं. त्या दिवसापासून ऐकणाऱ्या पंधराजणी झाल्या.