हळदीला जावं की नाही

मुरबाडला आमची मानसोपचाराची ओपीडी आठवड्यातून एकदाच असे. डॉक्टर गोळ्या लिहून देत आणि मी, समुपदेशक म्हणून, माणसांशी बोलत बसे. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. धसईपलीकडच्या एका गावातून एक बाई यायची. शेताच्या बांधावर कुणीतरी मागून कुजबुजतंय असं तिला वाटायचं आणि रात्रभर डोळा लागायचा नाही. सुरुवातीला ती घराबाहेरच पडेना, म्हणून मी दोनदा तिच्या घरी गेले होते. वर्षभरात ती पुष्कळ सावरली.

एक दिवस ती लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. डॉक्टरांचा नियम होता, पेशंटच्या घरच्या कार्याला जायचं नाही. मी तसं तिला सांगितलं.

"आजारी होते तवा आलात," ती म्हणाली. "आता बरी झाले तर नाय येणार?"

यावर काय बोलायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी हळदीला गेले.

मांडवात नवऱ्या मुलाच्या आत्याने मला विचारलं, "तुमी कोण गो पोरीच्या?"

मी काही म्हणायच्या आत नवरीची आईच म्हणाली, "माझी मावसबहीण. शहापूरला असते."

आणि तिने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणावं तर मग मी कोण, हे त्या घोळक्यात सांगावं लागलं असतं. मी मान डोलावली. लगेच बायकांनी मला पाटावर बसवून माझी ओटी भरली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच भीतीही वाटली.

त्यानंतर ती ओपीडीत आली की हसून म्हणायची, "सगळं बेस हाय ताई." झोप लागते, गोळ्या चालू आहेत. मी विश्वास ठेवत गेले. भातकापणीच्या सुमारास तिचा नवरा एकटाच आला. त्याच्याकडून कळलं, तिने केव्हाच गोळ्या सोडल्या होत्या आणि पुन्हा बांधावर एकटीच बोलत होती.

पुढच्या खेपेला मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुमी आता घरच्या झाल्या. सोयऱ्यांत बसलात, उठलात. पोरीच्या सासरी कळलं म्हंजे?"

"मी कुणाला सांगेन असं वाटलं तुम्हाला?"

"तसं नाय ताई," ती म्हणाली.

डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. तिला शहापूरच्या दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवू, एवढंच म्हणाले. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "माझं काय चुकलं?" काहीच नाही, मी म्हणाले. मग पाठवता कशाला, या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते माझं मलाच समजलं नाही.

तिकडे तिने गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि ती बरी झाली. माझ्याकडेच राहिली असती तर झाली असती का, कोण जाणे. आणि मांडवात मी खरं सांगितलं असतं तर लेकीच्या लग्नाचं काय झालं असतं, तेही कोण जाणे.

दोनेक वर्षांनी मुरबाडच्या एसटी स्टँडवर ती भेटली. माझा हात हातात घेऊन उभी राहिली. तब्येत विचारावी तर ते काम आता माझं नव्हतं. लेकीची खुशाली विचारावी तर ते नातं मुळात नव्हतंच. मी म्हणाले, "गाडीला गर्दी आहे का हो?"

"हाय थोडी," ती म्हणाली, आणि धसईची गाडी लागली.