उजव्या डोळ्याचा वाटा

सखाहरी अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसगावच्या बाजारात होतो. उपरण्याखाली माझी बोटं गिऱ्हाइकाच्या मुठीत, बोटं दाबून बैलाचा भाव ठरत होता, सौदा होण्याच्या बेतात. मी हात काढून घेतला. "काय झालं, नाना?" गिऱ्हाईक म्हणालं. "ज्याच्याशी भांडण बाकी होतं, तो माणूस गेला," मी म्हणालो. आज पाच आठवडे झाले. मला रडू आलेलं नाही. राग मात्र आहे तसा आहे, आणि तो लिहून काढल्याशिवाय जाणार नाही.

अण्णा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टर बदलून जायचे, मलमपट्टी करणारे अण्णा तिथंच. मी दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरता धरता बैलांचा व्यापारी झालो. स्वतःच्या दावणीला पहिली खिलार गाय बांधली, तेव्हा ती पारखून द्यायला अण्णाच आले होते. सहा वर्षांपूर्वी त्याच गाईच्या तीन आठवड्यांच्या वासराच्या उजव्या डोळ्याला बाभळीचा काटा लागला. डॉक्टरांनी औषध घालून जाड पट्टी बांधली, पंधरा दिवसांनी सोडा म्हणाले. मी सोडली नाही. आमच्याकडे समज असा, की दुखरा डोळा जितका जास्त बांधावा तितका पक्का बरा होतो. पट्टी मळली की बदलायची आणि पुन्हा घट्ट बांधायची, असे तीन महिने गेले. शेवटी अण्णांनी ती सोडली. डोळा काचेसारखा स्वच्छ होता. बॅटरी मारली की बाहुली आक्रसत होती. मग त्यांनी वासराचा डावा डोळा तळहातानं झाकला आणि उजवीकडून काठी जवळ आणली… वासरू हललंसुद्धा नाही.

"डोळा ठणठणीत हाय," अण्णा म्हणाले, "पन त्यानं बघायचं कसं, हेच याला ठावं न्हाई."

"माझ्या म्हाताऱ्या बैलाचा डोळा इतकेच दिवस बांधला होता. त्याला तर सोडल्याबरोबर दिसलं!"

"आरं, तो जन्मभर बघितलेला बैल. ह्यो आत्ता कुठं बघायला शिकत हुता. शिकायच्या दिसांत उजवा बंद, मग मेंदूतली त्याची जागा डाव्यानं खाल्ली. भावानं भावाचा वाटा दाबावा तशी."

वाटा दाबणं मला चांगलं कळतं. भावानं माझा दाबला नसता तर मी बाजारात कशाला उभा राहिलो असतो? उपायही अण्णांनी सांगितला. रोज सकाळी दोन-तीन तास चांगला डावा डोळा बांधायचा, वासराला धडपडू द्यायचं. "अजून लहान हाय, थोडंफार परत मिळंल. वरीस गेलं की संपलं."

मी हसलो. गावाला तमाशा दाखवायची मला हौस नव्हती. वासरू देखणं, डोळा स्वच्छ. सरळ बाजारात नेलं. गाडीला बैल घडवायचा म्हणून पाथर्डीकडचा एक ऊसतोडीवाला आला. सौदा जमत आला आणि अण्णा मध्ये पडले. "पाव्हणं, उजवीकडनं हात हलवून बघा की." त्यानं हलवला. वासरू ढिम्म. सगळे हसले. त्या दिवशी मी अण्णांना पहिल्यांदा अरे-तुरे केलं, आणि बाकी जे बोललो ते इथं छापता येणार नाही. ते एवढंच म्हणाले, "गाडीच्या उजव्या अंगानं ट्रक येत्यात, नाना. गाडीत त्याची बायकापोरं असनार." त्यानंतर मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

याला दिसतं हे अण्णाला दाखवूनच देतो, अशा इरेला पेटून दुसऱ्या सकाळी मी वासराचा डावा डोळा बांधला. आपण त्यांचंच ऐकतोय, हे स्वतःशीही कबूल केलं नाही. वासरू गव्हाणीला धडकायचं, नाकानं वाट चाचपायचं. मी कासरा धरून सोबत चालायचो. कितीतरी दिवसांनी एका सकाळी ते बादलीला वळसा घालून गेलं… मी बादली हलवून दुसरीकडे ठेवली. पुन्हा वळसा. नजर पुरती कधीच आली नाही. उजवीकडची बारीक दोरी त्याला आजही चुकते, पण माणूस, गाडी, ट्रक कळतो. मी तो बैल विकला नाही. रोज त्याला घेऊन अण्णांच्या दारावरून जायचो, मान फिरवून.

दहाव्याला गेलो तेव्हा अण्णांच्या पत्नी, वहिनी म्हणाल्या, "तुमी बोलत नव्हता, पन बैल रोज भेटायचा त्यास्नी. तुमी फुडं गेला की हे ओट्यावर बसून टोपी हलवायचे. बैल उजव्या डोळ्यानं बघत थांबायचा. मग आत येऊन म्हनायचे, 'नानानं डोळा बांधला बरं का! गोडीत सांगून ऐकला नसता, भरल्या बाजारात सांगावं लागलं.'"

कासऱ्याला ओढ बसायची, मी वळून न बघता हिसका द्यायचो. सहा वर्षं त्यांना माहीत होतं, आणि कळू दिलं नाही. हा राग वेगळा.

ओटा आता रिकामा असतो. बैल तिथं थांबतो, उजवीकडे बघतो. मी कासरा ओढत नाही. बाजारात मात्र कुणाच्या वासराच्या डोळ्यावर जुनी पट्टी दिसली की चालू सौद्यात तोंड घालतो. परवा एकानं मला भरल्या बाजारात शिवी हासडली.

"दे आणखी," मी म्हणालो, "पन आधी पट्टी सोड."